तीनशे साठ फुटांचा चुरा

बोअरमधून निघालेल्या चुऱ्यातले खडे धुवायचे, ताटात पसरायचे आणि एकेक जिभेवर ठेवून बघायचा. आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम हे. दुपारचे दोन वाजले असतील. आणि आम्ही भांडत होतो, हेही सांगून टाकतो.

आमचं रान पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला. बायको सांगलीकडची, काळ्या मातीत वाढलेली. लग्न झाल्यापासून तिचा एकच धोशा, परड्यात चार सरी हळद लावायची. आमच्याकडं प्यायचं पाणीच फेब्रुवारीत आटतं, तिथं हळद कुठली? शेवटी यंदा अंगणाच्या कडेला बोअर मारायला घेतली. तीनशे साठ फुटांवर मशीनचा बिट, दगड फोडणारं टोक, झिजला. बोअरवाला म्हणाला, "मामा, नवा बिट उद्या सकाळी येतोय. आणखी खाली जायचं का मशीन हलवायची, तेवढं ठरवून ठेवा. पुढच्या गावची माणसं माझ्या डोक्यावर बसल्यात."

ठरवायचं मीच. मी सातवी नापास, पण कोयनेच्या खोऱ्यात साहेब लोक खोल भोकं पाडत होते तिथं अकरा वर्षं राबलोय. वर येणारा चुरा धरायचा, धुवायचा, पिशवीत भरून किती फुटांचा ते लिहायचं. खडा जिभेला चिकटला तर तो ओल शोषतो, घसरला तर गच्च, हे तिथंच शिकलो. लोकांना काय, खड्यात भोकं दिसली की नारळ फोडायला पळतात. अरे, नुसती भोकं असून काय करायचीत? एका भोकाची वाट दुसऱ्या भोकात गेली पाहिजे, तर त्यातनं पाणी चालणार. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

सगळे खडे घसरत होते. तेवढ्यात तिनं एक तोंडातनं काढून माझ्यापुढं धरला.

"हा बगा, चिकटला."

तळाचा चुरा काळा, बारीक, धारदार. हा तांबडा, बोराएवढा, कडा झिजलेल्या.

"अगं, हा वरनं पडलाय. एकशेचाळीस फुटांवर तांबडी माती लागली नव्हती का, तिथला. आन् ती बी कोरडीच हुती."

"त्यानं सांगितलं व्हय तुमाला, मी वरनं पडलो म्हनून?"

"आकार बघ की त्याचा!"

"अकरा वर्सं लोकांचं दगड धुतलंसा. घरचा एक खरा म्हनवत न्हाई तुमच्यानं."

"मग खोटं लिहू?"

"लिवा कोन म्हनतंय? नुसतं व्हय म्हना. चाळीस फूट आजून."

मी व्हय म्हणालो नाही. ती उठली, छातीत जळजळतंय म्हणाली. मी म्हणालो, सकाळची मिरचीची चटणी. ती आत जाऊन पडली. चार वाजता चहासाठी हाक मारली, दोनदा मारली, मग चिडून आत गेलो. ती गेली होती.

चटणी म्हणालो मी. एवढा दगड ओळखणारा माणूस.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. येणारा माणूस आधी डोळे पुसायचा आणि मग हळूच विचारायचा, "बोअरला पाणी लागलं का?" एकजण म्हणाला, सवाष्ण गेली, नशीबवान. नशीबवान माणूस चहा न घेता जातो काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरवाला आला. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"मामा, मामींसाठी शंभर फूट मारतो. डिझेल माझं."

माझा मेहुणा सांगलीहून आला होता. तो म्हणाला, "दाजी, व्हय म्हना की. अक्काची शेवटची इच्छा हुती."

"तिची इच्छा पाण्याची हुती, भोकाची न्हवती," मी म्हणालो. "दगड गच्च हाय. मशीन हलव रं."

"लय कोरडं हायसा तुमी, दाजी."

"व्हय."

बोअरवाला भला माणूस, मला त्याचाही राग आला. व्हय म्हणायला माझं काय जात होतं, असंच सगळ्यांना वाटलं असणार. पण आणखी शंभर फूट कोरडी भुकटी उडाली असती, अंगणात बसलेल्या सगळ्यांच्या अंगावर पडली असती, आणि ह्यांनीच घरी जाताना म्हटलं असतं, बाई उगाच हट्ट करून गेली. ते मला ऐकायचं नव्हतं. चुकलो असेन तर मी चुकलो म्हणा. तिला नावं ठेवू नका.

मशीन गेली. जाताना बोअरवाल्याचा गडी बोअरला झाकण लावायचं विसरला, आता ह्याला काय म्हणावं! अंगणात शेजारची पोरं फिरत होती. मेहुणा म्हणाला, सुतकात कामाला हात लावू नका. मी गोठ्यातली एक फरशी ओढत नेली आणि भोकावर टाकली. ती हलत होती, म्हणून कडेनं माती भरली आणि हातानं दाबली.