बाबांचं क्रिएटिनिन

दुबईतल्या जबल अली बंदराच्या गोदामात मी रोज आकड्यांची हजामत करते. तिथे पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळ्या, मोजायच्या असतात आणि माझ्या बॉसला दशांश खपत नाहीत. "आधा पॅलेट कभी देखा है? डेसिमल निकालो, खलास," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे कुठलीही नवी एक्सेल शीट उघडली की माझा हात आपोआप त्या बटणाकडे जातो. सगळे रकाने निवडायचे आणि दशांश घालवून टाकायचे. जित्याची खोड, दुसरं काय.

आई गेल्यावर बाबा मिरजेत एकटेच राहिले. मधुमेह जुना होता, म्हणून किडनीसाठी दर महिन्याला क्रिएटिनिन तपासायचं आणि ते सव्वाच्या पुढे गेलं की लगेच यायचं, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना बजावलं होतं. मी एक शीट करून दोघांच्या फोनवर ठेवली. तारीख, वजन, साखर, क्रिएटिनिन आणि शेवटी शेरा. बाबा निवृत्त मास्तर, रकाने भरण्याची त्यांना भारी हौस. "अगं, तुझ्या ऑफिसात म्हातारा क्लार्क हवा असेल तर सांग," म्हणायचे.

मी शारजात राहते. तिथून निघालेली कंपनीची बस सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकली की मी फोनवर ती शीट बघायचे. क्रिएटिनिन एक. पुढच्या महिन्यात एक. मग पुन्हा एक. मी तिथूनच फोन लावून बाबांना शाबासकी द्यायचे आणि ते लहान मुलासारखे खूश व्हायचे.

सात-आठ महिन्यांनी ते म्हणाले, "दर वेळी शीटवर एकच येतं. कशाला उगाच सुया टोचून घ्यायच्या?"

"बरं, आता तीन महिन्यांनी करा," मी म्हणाले. डॉक्टर नाही, मी म्हणाले.

त्या तीन महिन्यांत त्यांचे पाय सुजले. मला फक्त "चपला घट्ट झाल्यात" एवढंच सांगितलं आणि मी नव्या चपलांचे पैसे पाठवले. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांना धाप लागली होती. किडन्या निकामी झाल्या होत्या. माझं विमान उतरलं तोवर बाबा गेले होते.

तेरावं करून शारजाला परतले आणि लॅपटॉपवर ती शीट उघडली, नुसती त्यांची आठवण म्हणून. एका चौकटीतल्या एकवर क्लिक केलं तर वरच्या पट्टीत आलं १.१८. पुढच्यावर १.२९. आणखी खालच्यावर १.३८. शेवटच्यावर १.४९. बाबांनी प्रत्येक वेळी खरा आकडा भरला होता आणि तो आत जसाच्या तसा होता. दिसत नव्हता, कारण पॅलेट मोजणाऱ्या हाताने मी पहिल्याच दिवशी त्या रकान्याचेही दशांश घालवले होते. मला बॉसचा राग आला, शीटचा आला, आणि मग फक्त स्वतःचा. तोंडावर उशी दाबून मी रडले.

शेऱ्याचा रकाना फोनच्या पडद्यावर मावायचा नाही. बोटाने सरकवावं लागायचं, आणि मी कधी सरकवलंच नव्हतं. तिथे शेवटच्या ओळीसमोर बाबांनी लिहिलं होतं: "लॅबच्या कागदावर १.४९ आहे. शीटने १ केलं. शीट मुलीने बनवली आहे, तेव्हा लॅबवाल्यांचंच चुकलं असणार."