दिवाळ्याच्या देवळापुढची बैठक

साताऱ्याहून निघालेली एस.टी. घाट उतरून कळंबोलीला आली, तेव्हा दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना ट्रक, लोखंडी सळ्यांचे ढीग, आणि सगळ्यावर तांबूस धूळ. नवी मुंबई म्हणतात ती हीच का, या विचारानेच मी निम्मी दमले. बेलापूरला माझा मावसभाऊ दिनकर शाळेत शिकवतो. मीही शिक्षिकाच; नाताळच्या सुट्टीत त्याच्याकडे निघाले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला खाडीकाठच्या दिवाळे गावात नेलं. वलांड्यांवर (बांबूच्या उंच चौकटींवर) बोंबील वाळत होते. धक्क्याजवळच्या चिखलात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेऊनच मी हिराबाईंच्या ओटीवर चढले. या कोळीणबाई दिनकरच्या घरी मासळी घालतात. त्यांनी तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. आतल्या खोलीला बाहेरून कडी होती.

"आत कोण आहे?"

"माजा पोरगा, प्रभाकर. गर्द वढतो," त्या म्हणाल्या.

गर्द म्हणजे चांदीच्या कागदावर ठेवून, खालून काडी लावून ओढायची तपकिरी पूड. खाडीपुलावरून ती मुंबईहून इकडे आली, असं दिनकर म्हणाला. प्रभाकरने नुकतंच शेजारच्या काशिनाथचं नवं जाळं विकून टाकलं होतं. आता प्रभाकरचं काय करायचं, यावर त्या संध्याकाळी गावाची बैठक होती.

देवळापुढे माणसं जमली. प्रभाकर पायरीवर चादर लपेटून थरथरत बसला होता. विशी ओलांडलेला, पण हात म्हाताऱ्यासारखे.

काशिनाथ म्हणाला, "पोलिसात द्या. गर्दाचा नवा कायदा कडक हाय. एक आत गेला का बाकीची पोरं सुदरतील."

"अहो, तो आजारी आहे," दिनकर म्हणाला. "त्याला इस्पितळात न्यायला हवं."

"तितून दोनदा पलाला, मास्तर!" काशिनाथ उसळला.

मागून एक म्हातारा बोलला, "आपन सगले दारू पितो. आपल्याला कोन आत टाकतो?"

लोक हसले. बोलणं बराच वेळ फिरून फिरून तिथेच येत राहिलं. शेवटी काशिनाथच नरमला. "चल, मी त्याला बोटीवर नेतो. दर्यात पूड कोन देनार?"

सगळ्यांना बरं वाटलं. तेवढ्यात हिराबाई उठल्या.

"नको. त्याला पोलिसात द्या."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"रोज कडी मी घालते," त्या म्हणाल्या. "पोर दाराआडून आये आये करते, आन मी भाईर बसून आयकते. दर्यात त्यानं उडी टाकली तर? माज्यानं आता व्हत नाय."

प्रभाकरने आईकडे पाहिलं. मग स्वतःच उठून म्हणाला, "चला."

सकाळी मी पनवेलहून साताऱ्याची गाडी धरायला निघाले, तर बसमध्ये हिराबाई माझ्या शेजारी होत्या, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. रात्रीच प्रभाकरला पोलिसात दिलं होतं; आज त्याला पनवेलच्या कोर्टात आणणार होते.

"बाय, तुमी शिकलेल्या. मी बरोबर केलं का?"

मी काही म्हणायच्या आत झोपेने त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली. पनवेलला मी उठवलं, तर त्यांनी कोर्ट कुठे आहे विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं. विचारत विचारत दोघी चालत गेलो. साताऱ्याची गाडी चुकली.

शाळेत परतले, तर मधल्या सुट्टीत नव्या कायद्यावरच वाद रंगला होता. कुणी म्हणे फटके द्या, कुणी म्हणे उपचार करा. पुढे दिनकरने कळवलं, की कोर्टाने प्रभाकरला उपचारासाठी पाठवलंय. टिकेल की नाही, सांगता येत नाही. अर्धं गाव हिराबाईंना कठोर म्हणतं, अर्धं शहाणी. मी कुणाच्या बाजूची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यांना कठोर म्हणणाऱ्या गावाने एक रात्र तरी त्या कडीबाहेर बसून पाहावं, असं मात्र वाटतं.