नवं लिनक्स आलं की

माझ्या खानावळीशेजारी एका तरुणाचं कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लातुरात क्लाससाठी आलेली पोरं तिथंच प्रिंट काढतात. त्याच्या कॉम्प्युटरात विंडोजऐवजी लिनक्स आहे. त्याची नवी आवृत्ती आली की ह्याला दम निघत नाही. भर गर्दीत अपग्रेड सुरू करतो आणि भूकंप झाल्यासारखं सगळ्यांना बाहेर काढतो. "कुणी हात लावू नका, चालू हाय!" समोरच्या दुकानातल्या विंडोजवाल्याला दिवसभर नावं ठेवतो. त्याची पायरी कधी चढला नाही.

परवा अपग्रेड अर्ध्यावर अडकलं. एक पोरगी रडायला लागली. तासाभरात परीक्षा आणि हॉलतिकीट छापायचं राहिलेलं.

मी ओरडले, "अरे, बंद कर ते!"

"मधीच बंद केलं तर मरंल, मावशी."

त्यानं एकदा स्क्रीनकडं बघितलं, एकदा पोरीकडं, आणि तिला घेऊन तडक समोर गेला.

"या, या! लिनक्स झोपलं का?" विंडोजवाला म्हणाला.

ह्यानं प्रिंट घेतली आणि पोरीला स्कूटरवर परीक्षेला सोडलं.

दुसऱ्या दिवशी उपकार फेडायला पुन्हा समोर गेला. पेन ड्राइव्ह दाखवून म्हणाला, "तुमच्याबी कॉम्प्युटरात नवं लिनक्स टाकून देतो."

विंडोजवाल्यानं हात जोडले. "नको भाई, मला दुकान चालवायचं हाय."