थांबणारे भन्ते

नलूआत्या काल गेली.
कमेंटमध्ये रडके इमोजी नकोत. बाई जिंकून गेलीय.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत हिंदी शिकवायची. शाळेत एकदम शुद्ध, घरी एकदम गावरान.

आणि वर्षावास आला की विहारात ग्रंथ वाचायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने रोज संध्याकाळी विहारात धम्माचा ग्रंथ वाचतात. आमच्याकडे तो आत्याच वाचायची. दुसऱ्या कोणी पान उलटायला हात लावला तरी तिचा पारा चढायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आत्या रिटायर झाली आणि काचबिंदूने तिची नजर गेली.

वर्षावास तोंडावर आला होता. कॉलेजवर नवीन लागलेले देविदास सर तिला म्हणाले, "ताई, तुम्ही आता आराम करा. यंदापासून मी वाचतो."

मनाने चांगला माणूस हो. पण आत्याला ते फार लागलं.

"आराम करा म्हनतो. मी काय मेलेय का?"

एवढं बोलून ती गप्प झाली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. आत्या गप्प बसली की आमच्या घरात सगळ्यांना धडकी भरायची.

मी तेव्हा नगरला एमआयडीसीत नोकरीला होते. माळीवाडा स्टँडजवळच्या एका एसटीडी बूथवाल्याने नुकतंच इंटरनेट घेतलं होतं. सुट्टी झाली की मी तिथे. आत्याला कानाने ऐकता येईल असं काहीतरी पाहिजे, एवढंच डोक्यात.

शोधता शोधता एक वेबसाइट सापडली. एका भन्तेंची, म्हणजे बौद्ध भिक्खूंची, हिंदी प्रवचनं. अनित्य म्हणजे काय, तृष्णा कुठून येते, सगळं होतं. आणि चक्क फुकट!

मी खुर्चीतच ओरडले.

बूथवाला दचकला. "काय झालं मॅडम, लॉटरी लागली का?"

"त्याहून भारी!"

पण सेव्ह कसं करायचं? ते नुसतं लावून ऐकता यायचं, उतरवून घेता यायचं नाही. शेवटी घरचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून नेला, स्पीकरसमोर ठेवला, कोरी कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

नेटचा स्पीड म्हणजे आनंदीआनंद. भन्ते चार वाक्यं बोलायचे की अडकायचे. मग मनात आलं की पुन्हा बोलायचे. मधल्या वेळात टेपवर पंख्याची घरघर आणि स्टँडवरून कंडक्टरची हाळी.

पार वाट लागली होती रेकॉर्डिंगची. तरी तशीच गावी नेली.

आत्याने अख्खी कॅसेट ऐकली. मग म्हणाली, "काय थांबतो गं हा मानूस!"

"आत्या, ते थांबत नाहीत. नेट स्लो आहे."

"नेट म्हंजे काय ते मला न्हाई कळत. पन बोलून झाल्यावर समोरच्याला इचार करू देतो. आपल्यात हाय का आसा कोन?"

"अगं, पण ते मुद्दाम नाही..."

"नसंना का! मला तेवढीच जागा पायजे."

वर्षावासाच्या पहिल्या संध्याकाळी ती माझा हात धरून विहारात गेली. टेप पुढ्यात ठेवला. "सर, तुमी उद्या वाचा. आज माझं ऐका."

भन्ते तृष्णेवर बोलायला लागले. माणूस हातातलं सोडत नाही, म्हणून दुःखी होतो, असं काहीतरी. आणि अडकले.

पंख्याची घरघर.
मग एकदम, "श्रीगोंदा! श्रीगोंदा! चला लवकर!"

अख्खं विहार हसायला लागलं. आमच्या शेजारच्या कमलमावशी तर पदरात तोंड घालून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देविदास सर टेप बंद करायला उठले.

आत्याने चाचपडत टेपवर हात ठेवला.

"झालं हसून? भन्ते इचारत्यात, तुमच्या हातातून काय सुटत न्हाई? आन तुमी तर नुसती गाडीची हाळी ऐकून उठाय लागला!"

सर परत खाली बसले.

मग तिने सांगायला सुरुवात केली. उसाच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊभाऊ कसे बोलायचे बंद होतात. सून आली तरी सासूच्या कमरेची किल्ली कशी सुटत नाही. मध्येच भन्ते पुन्हा सुरू झाले की ती थांबायची. ते अडकले की ही सुरू. हिंदी त्यांचं, मराठी हिचं. टेप संपला तरी कोणी उठेना.

"उद्या?" कुणीतरी विचारलं.

"उद्या मी वाचणार होतो," देविदास सर म्हणाले. आणि स्वतःच हसले. "पण ताई, तुमचंच चालू द्या."

काय सांगू, त्या दिवशी माझी कॉलर एवढी ताठ होती की बस्स!

त्यानंतर मी बूथवाल्याकडे किती कॅसेट भरल्या, देव जाणे. सरांनी एकदा पुण्याहून एक स्वच्छ, न अडकणारी कॅसेट आणून दिली. आत्याने थोडी ऐकली आणि परत केली. "ह्या मानसाला गाडी गाठायचीय."

वर्षानुवर्षं ती तशीच शिकवत राहिली. न दिसणाऱ्या डोळ्यांनी.

आज संध्याकाळी विहारात सगळे जमलो होतो. सरांचे केस आता पांढरे झालेत. त्यांनी ती पहिली कॅसेट मोबाईलवर उतरवून ठेवली होती, ती लावली.

भन्ते बोलले. अडकले.
पंखा घरघरला. कंडक्टर ओरडला.

कोणी हसलं नाही. आता बोलायला आत्या नव्हती. मला रडू आवरेना.

तेवढ्यात मागून कमलमावशी काठी टेकत उभ्या राहिल्या. "भन्ते इचारत्यात, तुमच्या हातातून काय सुटत न्हाई?"

आणि अख्खं विहार एका आवाजात म्हणालं,
"नलूबाई!"

आत्या, भरल्या डोळ्यांनी आणि ताठ मानेनं तुला निरोप.
जयभीम.