ती काळी खिडकी बंद करू नका

सेलूच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवत होते. लॅबमधल्या मशिनी एका एजन्सीनं बसवून दिलेल्या. ॲडमिनचा पासवर्ड एजन्सीच्या ज्या माणसाकडं होता, तो नोकरी सोडून गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. मशिनी चालायच्या, पण नवीन काही बसवायला घेतलं की पडद्यावर पासवर्डची चौकट यायची आणि आमचे हात तिथंच थांबायचे.

तिसऱ्या वर्षाला एक विद्यार्थिनी होती, तिला सगळा वर्ग ताई म्हणायचा. बारावीनंतर तिचं लग्न झालं, शिक्षण सुटलं. मुलगा शाळेत जायला लागल्यावर तिनं पुन्हा नाव घातलं. मानवतजवळच्या खेड्यातून ती एसटीनं मानवत रोडला यायची, तिथून रेल्वेनं सेलूला. इतर मुलांनी प्रोजेक्ट आपापल्या लॅपटॉपवर घरीच करायला घेतले होते. हिच्याकडं लॅपटॉप नव्हता. जे करायचं ते लॅबमध्येच.

प्रोजेक्ट तिनं स्वतः शोधला होता. कापसाच्या दिवसांत सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यासमोर गाड्यांची रांग लागते आणि आपला नंबर कधी येणार हे कुणाला कळत नाही. तिचा दीर टेम्पो घेऊन रांगेत ताटकळायचा. तेव्हा गाडी आली की नंबर द्यायचा आणि पुढं किती गाड्या आहेत ते दाखवायचं, असा प्रोग्रॅम तिला करायचा होता. गाड्यांची माहिती साठवायला डेटाबेस सर्व्हर लागणार होता. आणि तो बसवायची परवानगी मशीन देत नव्हतं.

मी प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, "मशिनीत बिघाड होऊ देऊ नका, बाकी तुमचं तुम्ही बघा."

सर्व्हर न बसवताही चालवता येतो, हे मला ऐकून ठाऊक होतं. त्याची झिप फाइल घ्यायची, आपल्याच फोल्डरमध्ये उलगडायची आणि सर्व्हर हातानं सुरू करायचा. मी तसं कधी केलं नव्हतं. डी ड्राइव्हवर तिनं एक फोल्डर केला, नाव दिलं navin. सर्व्हर कुठं आहे आणि माहिती कुठं ठेवायची, एवढ्या दोन ओळी मी एका छोट्या फाइलमध्ये लिहिल्या आणि हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत तो सुरू करायचा हुकूम दिला. लगेच चूक आली. पुन्हा दिला, पुन्हा तीच.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. "मी आपलं कागदावरच दाखवते."

"कागदावर गाड्यांचा नंबर लागणार आहे का? ती चूक नीट वाच बरं, मोठ्यानं."

ती अक्षर न् अक्षर वाचू लागली. "फोल्डर सापडत न्हाई म्हणायलंय. डी, मग ओळच तुटलीय... आणि खाली नुसतं 'एव्हिन' हाय. एन कुठं गेला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी फोल्डरचा पत्ता लिहिताना उलटी तिरपी रेघ, बॅकस्लॅश, वापरली होती. त्या रेघेपुढं एन आला की सर्व्हर दोन्ही मिळून 'नवी ओळ' असं वाचतो. तिच्या फोल्डरचं पहिलं अक्षरच त्यानं गिळलं होतं. मी रेघा सुलट्या केल्या. ताई इतकी हसली की दारातून लॅबमामांनी डोकावून पाहिलं.

लॅबमामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. मागं पोरांनी मशिनींवर गेम टाकले होते, त्याची बोलणी त्यांना खावी लागली होती. "मॅडम, कायतरी बसवायलाव का?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"बसवत नाही मामा. तिच्या फोल्डरमध्येच चालवतोय."

त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही, पण ते गेले.

सर्व्हर तरीही उठेना. या वेळी तक्रार वेगळी होती: पोर्ट, म्हणजे सर्व्हरला जोडून घ्यायचा ठरलेला क्रमांक, आधीच कुणीतरी अडवलेला आहे. शोधलं तर एजन्सीनंच एक जुना सर्व्हर बसवून ठेवलेला, मशीन लावलं की तो आपोआप सुरू होई. त्याचाही पासवर्ड कुणाला मालूम नव्हता आणि तो बंद करायचा अधिकार आम्हाला नव्हता. मग आम्ही त्याच्या वाटेलाच गेलो नाही. आमच्या सर्व्हरला शेजारचा पोर्ट दिला. खिडकीत ओळी धावल्या, आणि शेवटची ओळ होती: जोडणीसाठी तयार. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्यानंतर ती तासांच्या मधल्या वेळात येऊन गाड्यांची माहिती भरत राहिली. गावं खरी, गाड्या तिनं रांगेत पाहिलेल्या. मी तिला बजावलं होतं, काम करताना ती काळी खिडकी बंद करायची नाही. मामांना सांगायचं मात्र राहून गेलं.

एका दुपारी ती जेवायला गेली आणि मामांनी उघडं मशीन बघून सगळं बंद करून टाकलं. मी वर्गावर होते. तास संपवून आले तर ती खुर्चीत रडत बसलेली, आणि मामा भिंतीला टेकून उभे, चेहरा पांढराफटक.

"मॅडम, माझ्या हातून लय मोठी चूक झाली," ते म्हणाले. "पोरीचं सगळं पुसलं म्या. मला वाटलं, कामून उगं चालू ठेवलंय."

"काही पुसलेलं नाही मामा. बसा तुम्ही."

ते बसले नाहीत. मी तिलाच हुकूम द्यायला लावला. खिडकी उघडली, सर्व्हर उठला. तिनं यादी मागवली आणि एकेक करून सगळ्या गाड्या पडद्यावर आल्या. माहिती डिस्कवर होती, खिडकी बंद केल्यानं फक्त सर्व्हर झोपला होता.

मामा पुढं वाकून बघत राहिले. "ही बोरीची हाय का गाडी?"

"हाव मामा."

"माझ्या सासरवाडीची," म्हणत ते कसनुसे हसले. मग बाहेर जाऊन तिघांसाठी चहा सांगून आले.

प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, "सर्व्हर नेहमीसारखा इन्स्टॉल का नाही केला?"

"अधिकार नव्हता सर," ती म्हणाली, आणि मग काय अडलं, कसं सुटलं, ते सगळं न थांबता सांगत गेली. त्यांनी मध्ये अडवलं नाही.

बाहेर आल्यावर तिनं घरी फोन लावला. मुलाला सांभाळून तिला कॉलेजला धाडणारी तिची सासूच होती. फोन ठेवून ती माझ्याकडं आली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, म्हंजी उद्यापसून जायचं न्हाई का आता?" ती म्हणाली. "कॉलेज संपलं, हे माझ्या ध्यानातच आलं न्हवतं मॅडम."

आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो, गाडी येईपर्यंत बाकावर बसलो. निकालानंतर ती मार्कमेमो न्यायला आली तेव्हा सासू सोबत होती. परभणीला पुढच्या शिक्षणासाठी कोणत्या कॉलेजात जागा असते, हे त्या दोघींना विचारायचं होतं. प्रश्न सगळे सासूनंच विचारले.