पंधराशे रुपये आणि शिवांजली

हप्ता जमा झाला की कुपवाडच्या त्या शेडमधल्या कानशी पाच मिनिटं थांबायच्या. ओतीव लोखंडाच्या तुकड्यांच्या धारदार कडा कानशीने घासून गुळगुळीत करायच्या, हे तिथल्या अकरा बायकांचं काम. एकीचा मोबाइल वाजला की मागोमाग दुसरीचा, तिसरीचा. ‘आलं गं, आलं!’ असा गलका व्हायचा आणि लाडक्या बहिणींच्या पंधराशे रुपयांचं काय काय करायचं याच्या गप्पांना ऊत यायचा. क्रांतीचा मोबाइल मात्र ढिम्म.

यातली गंमत अशी, की बाकीच्या दहाजणींचे फॉर्म तिनेच भरून दिले होते. शेडमध्ये बारावी झालेली ती एकटीच. तिने भरलेले दहाच्या दहा फॉर्म पास झाले आणि स्वतःचाच कुठे अडकला कोण जाणे! चौकशीला जायचं तर आपण चुकलो हे कबूल करावं लागणार, आणि क्रांतीचं नाक पहिल्यापासून जरा वरच. तिने वर्षभर कुणाला काही विचारलं नाही. ‘नसेल माझ्या नशिबात’ म्हणून कानस उचलायची.

पण त्या पंधराशे रुपयांत तिचा जीव अडकला होता. तिची आठ वर्षांची पोरगी, शिवांजली, शिराळ्याजवळच्या गावात सासूकडे वाढत होती. नवरा कृष्णात टेम्पो घेऊन पुण्याला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. सोडचिठ्ठी नाही, पैसा नाही, साधा फोन नाही. क्रांतीचे आईवडील कधीच गेलेले. पोटापाण्यासाठी ती कुपवाडला आली आणि चार बायकांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत राहिली. तिथे पोरं ठेवायची नाहीत, ही मालकिणीची अट. तेव्हापासून पोरगी सासूकडे आणि पोरीच्या खर्चाचे दोन हजार दर महिन्याला सासूच्या हातात, असं तीन वर्षं चाललं होतं.

शेडमधल्या बनुबाईच्या शेजारची खोली गेल्या दिवाळीत रिकामी झाली होती. भाडं साडेतीन हजार. पोरीला जवळ आणलं तर ते दोन हजार वाचत होते. वर पंधराशे असते, तर खोली झाली असती. हा हिशेब क्रांतीने इतक्या वेळा केला होता, की शेवटी बनुबाईलाच त्याचा कंटाळा आला.

“चल,” बनुबाई एका सुट्टीला म्हणाली, “विश्रामबागला ती कागदपत्रं करून देणारी पोरगी बसती, तिला इचारू. न्हाई आलीस तर हात धरून वढत न्हीन बघ.”

दुकानात ऋचा नावाची चष्मेवाली मुलगी होती. तिने आधारचा नंबर घातला, मोबाइलवर आलेला आकडा विचारून घेतला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “ताई, तुमचा अर्ज पहिल्याच महिन्यात मंजूर झालाय. पैसे जातायत की तुमचे.”

“कुठं जातायत? मी तर माझं कुपवाडचं खातं लिहिलंतं.”

“फॉर्मवर काहीही लिहा, पैसे जातात आधारला जोडलेल्या खात्यात. तुमचं आधार शिराळ्याच्या खात्याला जोडलेलं दिसतंय.”

क्रांतीला आठवलं. लग्न झालं त्या वर्षी सासरी उघडलेलं खातं! त्याला मोबाइल नंबर दिराचा, जयराजचा. पासबुक आणि कार्ड सासूच्या ट्रंकेत राहिलेलं. आणि पिन विसरायला नको म्हणून कार्डाच्या पाकिटावर तो स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवणारी शहाणी तीच, बारावी पास. म्हणजे दोन हजार ती पाठवत होती आणि वर तिचेच पंधराशे दीर काढून घेत होता. पोरगी मात्र खोलीवाचून तिकडेच.

बनुबाई म्हणाली, “आत्ताच्या आत्ता जाऊ. चांगली झिंज्या धरून…”

“न्हाई,” क्रांती म्हणाली. “भांडायला लय माणसं जात्यात. मी पैसं आधी हिकडं आणती, मग जाती.”

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून ती कुपवाडच्या बँकेत गेली आणि आधार या खात्याला जोडायचा अर्ज दिला. काउंटरवरच्या साहेबांनी ‘होईल’ म्हटल्यावर ‘कधी?’ विचारलं, आणि ‘पंधरा दिवसांत’ म्हटल्यावर सोळाव्या दिवशी हजर झाली. नंतर सुपरवायझरला गाठून तिने कायमची पहिली शिफ्ट मागून घेतली. तो कां-कूं करू लागला, तेव्हा म्हणाली, “सर, एवढं नग घासून देणारी दुसरी हाय का हितं?” नव्हती. बनुबाईच्या घरमालकाला सांगून खोलीही राखून ठेवली. हे सगळं होईपर्यंत सासरी तिने चकार शब्द काढला नाही. पोरीशी रोज बोलायची, सासूची गुडघेदुखी विचारायची आणि फोन ठेवला की दात खात कानस चालवायची.

एप्रिलमध्ये एका दुपारी तिचा मोबाइल वाजला. तिने मेसेज तीनदा वाचला आणि सगळ्यांसमोर घळाघळा रडली. तिला त्याची लाज वाटली नाही.

संध्याकाळी ती बनुबाईकडे गेली होती, तिथेच जयराजचा फोन. एरवी हा माणूस वहिनीला कधी फोन करेल तर शपथ!

“वैनी, बरं हाय न्हवं?”

“बरं हाय.”

“न्हाई, म्हटलं… सरकारनं त्या बायकांच्या योजना बंद केल्या म्हनं? तुमच्या कानावर काय आलंय का?”

“न्हाई बा. हितल्या सगळ्यांचं आलं की आज.” क्रांती गोड आवाजात म्हणाली. “का वो भाऊजी, तुमी कवापासनं बहीण झालाय?”

तिकडून फोन कट झाला. बनुबाई हसून हसून खाली बसली.

शाळेच्या निकालाच्या दिवशी क्रांती गावात गेली. आधी शाळेत जाऊन बाईंकडून निकाल घेतला आणि शाळा सोडल्याचा दाखला मागितला. आई समोर उभी, आधार हातात. बाईंनी दाखला दिला. शिवांजलीचा हात धरून ती घरी पोचली तेव्हा सासू, रंगूबाई, सोप्यात शेंगा फोडत बसली होती. जयराज तिला पाहून उठला आणि रानात पाणी पाजायचं निमित्त काढून सटकला.

“आत्ती, शिवाला न्यायला आले,” क्रांती म्हणाली. सासूला ती आत्ती म्हणायची.

“चार दिस ने की. सुट्टीच हाय.”

“कायमची.”

रंगूबाईचे हात थांबले. मग तिने पुन्हा शेंग फोडली. “पैशाचं कळलं व्हय तुला?”

“कळलं.”

“आमी काय चोरी केली न्हाई बये. पोरगी आमच्याकडं, मग पैसा कुणाकडं ऱ्हाणार? जिकडं पोरगी, तिकडं पैसा.”

वाटेत क्रांतीने बोलायचं खूप घोकलं होतं. वर्षाचे किती झाले, दिराने त्यातून नवा मोबाइल कसा घेतला, पोरीच्या दप्तराला मात्र दोरी बांधलेली कशी, सगळं. सासूचं हे वाक्य ऐकलं आणि त्यातल्या कशाचीच गरज उरली नाही.

“बराबर बोललासा, आत्ती,” ती म्हणाली. “जिकडं पोरगी, तिकडं पैसा. आता पैसा माझ्याकडं याला लागलाय. मागचं मी कवाच इचारणार न्हाई. पोरगी माझ्यासंगं येऊ द्या.”

रंगूबाईने शेंगांची फोलपटं बाजूला सारली. मग म्हणाली, “एकटी बाई तू. कामावर गेल्याव पोरीला कोण बघंल?”

“सकाळची शिफ्ट घेतलीय. तिचं आवरून जाणार आन् ती शाळंतनं यायच्या आत माघारी येणार. शेजारी बनुबाई हाय.”

सासूला वाईट वाटत होतं, हे क्रांतीला दिसत होतं. तीन वर्षं तिनेच पोरीची वेणी घातली होती, तापात उशाशी बसली होती. ते खोटं नव्हतं. क्रांती वाकून तिच्या पाया पडली. पण पोरीचा हात सोडला नाही.

रंगूबाई उठली, आत गेली आणि शिवांजलीचे कपडे पिशवीत भरून घेऊन आली. “गुडघं दुखत्यात माझं,” ती कुणाकडेही न बघता म्हणाली, “न्हाईतर एसटीपतुर आली आसती.”

खोली लहान होती. एक खिडकी, एक मोरी, बनुबाईने दिलेला जुना स्टोव्ह. क्रांतीने दाराच्या चौकटीवर खडूने दोघींची नावं लिहिली. पहिले तीन दिवस शिवांजली बागडत होती. चौथा दिवस रविवार. दुपारी क्रांती मोरीत कपडे धूत होती आणि बाहेर एकदम शांत झालं.

ती हात पुसत आली. शिवांजलीने फ्रॉक बदलला होता, केस स्वतःच ओले करून विंचरले होते, चपला घातल्या होत्या आणि कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन दारात बसली होती. तीन वर्षं ती कुपवाडला यायची ती शनिवारी. मालकीण एका रात्रीपुरती सूट द्यायची आणि रविवारी चारच्या एसटीला परत. रडायचं नाही, हे ती कधीच शिकून गेली होती.

क्रांतीने खाली बसून पोरीच्या चपला काढल्या, पिशवी घेतली, एकेक कपडा झटकून भिंतीवरच्या दोरीवर टाकला आणि रिकामी पिशवी बाहेर जाऊन बनुबाईच्या हातात दिली.

“कांदं-बटाटं आणायला घ्या ही तुमाला,” ती म्हणाली. “आमाला लागत न्हाई आता.”