भिंतीवरचा बॅरन

आमच्या शेजारी लेम्युएल नावाचा गृहस्थ राहत असे. गॅरेजात बसगाड्या धुवायचा. बुटका, पोट पुढं, टक्कल मागं, आणि बोलणं असं नाकातून की पाव मागितला तरी दुकानदाराला वाटावं, याला सर्दी झालीय. आणि हा माणूस सांगायचा, ‘चावी तिथंच आहे’ या गाण्यातला खालचा आवाज माझा!

ते गाणं तेव्हा आमच्या सगळ्या मेम्फिस शहराच्या तोंडी होतं. न्हाव्याच्या दुकानात तेच, तळलेल्या मासळीच्या गाडीवर तेच, आणि लग्नात तर त्याच्याशिवाय नवरानवरी जागचे हलत नसत. बायको सोडून गेलीय आणि नवरा म्हणतोय, तू कधीही ये, चावी पायपुसण्याखाली तिथंच आहे. आमच्या गल्लीत कुणी अशी चावी ठेवली असती, तर बायको यायच्या आधी चूल गेली असती. पण ऐकताना माझेही डोळे भरायचे, खोटं कशाला बोलू. गाणारे दोघं, पर्सी आणि बॅरन. पहिल्या दोन ओळी पर्सी वरच्या सुरात एकटाच रडून घ्यायचा. तिसऱ्या ओळीला बॅरन खालून यायचा आणि बायकांच्या हातातले पंखे थांबायचे.

रेकॉर्डच्या पाकिटावर दोघांचा फोटो होता. पर्सी ठीकच. पण बॅरन! उंच, भरलेले खांदे, पिवळा सूट, आणि एक भुवई अशी उचललेली की बघणारीला वाटावं, आपलंच नाव विचारतोय. लेम्युएलचं म्हणणं असं, की कंपनीवाल्यांनी आवाज त्याचा घेतला आणि फोटोच्या दिवशी त्याचं ध्यान बघून दुसराच माणूस उभा केला. नावही बदललं. पुढं पर्सी त्या देखण्यालाच घेऊन गावोगाव फिरला. तो नुसते ओठ हलवायचा म्हणे. आणि आमचे बॅरनसाहेब बसची चाकं धूत राहिले.

यावर विश्वास ठेवणारा सगळ्या मोहल्ल्यात एकच माणूस होता, आमचे पाद्रीबाबा. तेही शिक्षा करायची होती म्हणून. दारूच्या गुत्त्यात वाजणारं गाणं गाणाऱ्यानं देवापुढं तोंड उघडायचं नाही, असं म्हणून त्यांनी लेम्युएलला चर्चच्या गायकांतून उठवलं. म्हणजे पाप केल्याचं कुणी मानत नव्हतं आणि शिक्षा मात्र चालू!

पण त्याला खरी बोच होती ती घरात. बायको वर्डेल त्या बॅरनवर फिदा. रेकॉर्डचं पाकीट चौकटीत घालून तिनं जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगलेलं. लेम्युएल घास घ्यायचा आणि बॅरन वरून भुवई उचलायचा.

“अगं, तो मी आहे.”

“हो का? मग मी शेबाची राणी. चवळी वाढू?”

“बायको माझी, आवाज माझा, आणि कौतुक त्या उपटसुंभाचं?”

“मग गाऊन दाखव की.”

इथंच तो फसायचा. चाल वरचा गातो, खालचा सूर धरणाऱ्याला ती कुठली यायला? त्याचं आपलं एकाच जागी ऊं, ऊं, मग जरा खाली, परत ऊं. वर्डेल म्हणायची, “फ्रिज बिघडला वाटतं.” रेकॉर्ड लावून गायला, तर त्याचाच आवाज त्याच्या आवाजाखाली दबायचा. ती खेकसायची, “गप रे, मला बॅरन ऐकू दे!”

मला मात्र शंका होती, हा खरं बोलत असावा. मीही जन्मभर चर्चमध्ये खालचाच सूर धरलेला. घरी भांडी घासताना गुणगुणले तर पोरं विचारायची, “आई, पोट दुखतंय का?”

पुढं चर्चमधले ऑटिसकाका वारले. माती देऊन आल्यावर तळघरातल्या स्वयंपाकघरात जेवणाची गडबड होती. वर्डेल पालेभाजीचं पातेलं ढवळत तेच गाणं गुणगुणत होती. वर देवाचं राज्य, खाली आमचं. लेम्युएल खुर्च्या वाहत होता. हॅटीबाईच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, “बॅरनसाहेब, तेवढी कोंबडीची हाडं बाहेर टाका बरं.” सगळ्या फिदीफिदी हसल्या. तो बिचारा मान खाली घालून बादली उचलायला लागला.

मी म्हटलं, “वर्डेल, गुणगुणतेस काय? मोकळ्या गळ्यानं गा. पर्सीचं गा. आणि लेम्युएल, तू तुझं गा.”

“मावशी, तुम्ही पण?” वर्डेल म्हणाली. पण गळा चांगला असलेल्या बाईला दोनदा सांगावं लागत नाही. पहिल्या दोन ओळी तिनं पातेल्याकडं बघत म्हटल्या. तिसऱ्या ओळीला लेम्युएल खालून आला. हातात बादली तशीच.

वर्डेलचा डाव भाजीत बुडाला. हॅटी तळणातला झारा तसाच हातात धरून वळली. तेवढ्यात पाद्रीबाबा धाडधाड जिना उतरून आले.

“मयताच्या दिवशी देवाच्या घरात रेकॉर्ड कुणी लावली?”

हॅटीनं झारा लेम्युएलकडं केला. पाद्रीबाबांनी त्याच्याकडं, मग बादलीकडं पाहिलं.

“मी सांगत नव्हतो?” ते म्हणाले, आणि कोंबडीच्या दोन मांड्या ताटात घालून वर गेले.

मी उरलेलं जेवण घेऊन त्या दोघांबरोबरच त्यांच्या घरी गेले. लेम्युएल कोट न काढता खुर्चीवर चढला आणि त्यानं चौकटीला हात घातला.

“खबरदार!” वर्डेल म्हणाली. “खाली उतर.”

“आता कशाला हवाय हा?”

“गाणारा घरातच निघाला, चांगलं झालं. पण ऐकताना बघायला काहीतरी नको का?”

लेम्युएल उतरला आणि पाठ फिरवून बसला. “मग मीही गाणार नाही. ऐक तुझ्या फोटोचं.”

वर्डेलनं मला डोळा मारला, गार झालेली कोंबडी त्याच्यापुढं सरकवली आणि पहिली ओळ धरली. गडी बराच ताठ होता. तिसऱ्या ओळीपर्यंत टिकला.